जप्त म्हणजे जमा नव्हे

पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या असतील. टायर जमिनीत रुतलेले, टपावर पाचोळा साचलेला. कागदोपत्री तो ‘मुद्देमाल’ असतो, पण त्यातल्या कितीतरी गाड्यांवर कुणाचं तरी घर चालत असतं.

आमच्या मोहल्ल्यातल्या एकाचा टेंपो असाच अडकला होता. चोरीचं लोखंड वाहताना ड्रायव्हरला अटक झाली, टेंपो जप्त झाला. मालकावर गुन्हा नव्हता; कर्जाचे हप्ते मात्र चालूच होते. चार महिने तो गप्प बसला. मी विचारलं, तर म्हणाला, “भाईजान, जप्त झाला म्हणजे गेलाच की! आता खटला संपल्यावर बघू.”

‘जप्त’ हा शब्द मूळचा अरबी. उर्दूत माणूस आसवंही जब्त करतो, म्हणजे आवरून धरतो. कायद्यातली जप्तीही तशीच. पोलीस वस्तू पुराव्यासाठी धरून ठेवतात, पण तेवढ्यानं मालकी जात नाही. वस्तू सरकारजमा करायची, नष्ट करायची की हक्कदाराला द्यायची, हे सहसा खटल्याच्या शेवटी न्यायालय ठरवतं.

तोवर थांबायची गरज नसते. जप्त वाहनं ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात बजावलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर मुदतच आहे. कलम ४९७ नुसार मुद्देमाल न्यायालयापुढे आल्यावर १४ दिवसांत त्याची यादी करायची, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा आणि पुढच्या ३० दिवसांत त्याच्याबाबत आदेश द्यायचा. पुरावा म्हणून मग ते फोटोही चालतात.

मालकानं आरसी बुक आणि विम्याचे कागद जोडून न्यायालयात अर्ज करावा. न्यायालय पोलिसांचं म्हणणं मागवतं आणि बंधपत्र घेऊन गाडी सुपूर्दनाम्यावर देऊ शकतं. गाडी विकणार नाही, तिच्यात फेरफार करणार नाही, बोलावाल तेव्हा हजर करीन, अशा अटी त्यात असतात.

अमली पदार्थांच्या प्रकरणात मात्र कायदा कडक आहे. गाडी वाचवायची तर आपल्याला आणि चालकालाही माहिती नव्हती, सगळ्यांनी पुरेशी खबरदारी घेतली होती, हे मालकानंच सिद्ध करायचं असतं. म्हणून गाडी कुणाच्या हाती देतो, हे आधीच पाहावं. तरीही अशा प्रकरणात खटला चालू असताना गाडी परत देता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये स्पष्ट केलं.

आमच्या टेंपोवाल्यानं शेवटी वकील गाठला, अर्ज केला. टेंपो परत आला. बॅटरी गेली होती, ती त्यानं नवी बसवली. चार महिन्यांचं बुडालेलं भाडं मात्र कुठल्याच अर्जानं परत मिळत नाही.