मोरचूद, चुना आणि संयुजेचा हिशेब

मंडळी, केळव्यात धातूंच्या संयुगांवर बोलायचं तर प्रयोगशाळाच हवी असं नाही. आपण पानवेलीच्या वाडीत जाऊ. वेलीला मर लागू नये म्हणून बुंध्याशी बोर्डो मिश्रण ओततात. १ टक्क्याचं प्रमाण असं: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. आजचा सगळा विषय या एका पिंपात आहे.

आधी नावं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. कळीचा चुना पाण्यात विरवला की होतं कॅल्शियम हायड्रॉक्साइड. धातूचं नाव पहिलं, ऋण आयनाचं नंतर. शेवटच्या अक्षरांकडेही लक्ष द्यावं: सल्फाइडमध्ये नुसतं गंधक असतं, सल्फेटमध्ये गंधकासोबत ऑक्सिजनही असतो.

आता सूत्र. कॅल्शियमचा भार २+, हायड्रॉक्साइडचा १−. दोन्ही भार मिळून शून्य व्हायला हवेत, म्हणून एका कॅल्शियमला दोन हायड्रॉक्साइड लागतात: सीए(ओएच)२. कंस विसरलो तर तो २ एकट्या हायड्रोजनला चिकटतो आणि पदार्थच चुकतो. कॉपर २+ आणि सल्फेट २− यांचा तिरकस गुणाकार केला की दोन्हीकडे २ येतात. इथे बरेच विद्यार्थी थांबतात. आपण दोघांना २ ने भागायचं आणि लिहायचं सीयूएसओ४.

कॉपरची संयुजा मात्र एकच नसते. तांबडं कॉपर(एक) ऑक्साइड म्हणजे सीयू२ओ, काळं कॉपर(दोन) ऑक्साइड म्हणजे सीयूओ. कंसातला आकडा, जो आपण रोमन अंकात लिहितो, तो भार सांगतो, अणूंची संख्या नाही. म्हणूनच ‘एक’ लिहिलेल्या संयुगात कॉपरचे अणू दोन आहेत! जुन्या पुस्तकांत यांनाच क्युप्रस आणि क्युप्रिक म्हटलेलं आढळेल.

याचा वाडीत उपयोग काय? दोन्ही सूत्रं समोर ठेवली की कळतं, एका कॉपर सल्फेटला एक कॅल्शियम हायड्रॉक्साइड पुरतं. स्फटिकातलं पाणी धरून मोरचुदाचं रेणुवस्तुमान सुमारे २५०, विरलेल्या चुन्याचं ७४. म्हणजे १ किलो मोरचुदाला शुद्ध विरलेला चुना ३०० ग्रॅमच्या आसपास. मग पूर्ण किलो का घ्यायचा? बाजारातला चुना शुद्ध नसतो, सगळा विरघळतही नाही. आणि कॉपरचे आयन मोकळे राहिले तर वेल भाजते. चुना थोडा जास्त झालेला परवडतो, मोरचूद जास्त झालेलं परवडत नाही.

म्हणून जुनी चाचणी करावी. लोखंडी सुरीचं घासलेलं पातं मिश्रणात थोडा वेळ बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर कॉपर अजून मोकळं आहे, चुन्याची निवळी आणखी घाला. पात्यावर घडतं ते असं: लोखंड २+ होऊन द्रावणात जातं आणि कॉपर बाहेर पडतं. द्रावणात तयार होतं आयर्न(दोन) सल्फेट, आपलं हिराकस. याच कारणाने हे मिश्रण लोखंडी पिंपात करत नाहीत, प्लास्टिकच्या पिंपात करतात.

तेव्हा सूत्रं पाठ करू नका, भार जुळवा. घरी जाऊन आयर्न(तीन) सल्फेटचं सूत्र लिहून पाहा. दोन आयर्न, तीन सल्फेट आणि एक कंस आला, तर आजचं व्याख्यान पोचलं असं आम्ही समजू.