‘आलो’ की ‘आले’?

जूनच्या मध्यास शाळा उघडतात. खेड्यापाड्यांतील पुष्कळ मुले तेव्हा गावची सातवीपर्यंतची शाळा सोडून मोठ्या गावच्या हायस्कुलात आठवीच्या वर्गात प्रथमच पाऊल टाकतात. नव्या शाळेची धास्ती कोणास नसते? परंतु जे मूल स्वतःला कधी मुलगा मानते, कधी मुलगी, तर कधी दोहोंपैकी काहीच नाही, त्याचा पेच निराळाच. हजेरीला ‘हजर’ म्हणून सुटता येते; पुढे गुरुजींनी विचारले की ‘आलो’ म्हणावे की ‘आले’? आमची मराठी क्रियापदातच जबाब मागते. (कोल्हापूरकडे बायकाही सर्रास ‘आलो’ म्हणतात आणि त्यात कोणास वावगे वाटत नाही!)

प्रस्तुत लेखकाने पूर्वी शिक्षकाचा पेशा केला आहे. आठवीतील एका मुलास त्याच्या चालण्याबोलण्यावरून वर्गबंधू ‘बायल्या’ म्हणत. एकदा सारा वर्ग हसला आणि फळ्याकडे तोंड करून आम्हीही हसलो. दिवाळीच्या सुटीनंतर ते मूल आले नाही. पटावर त्याच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा आम्हीच लिहिला.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आपली लिंगविषयक ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने सरकारमान्य शाळांवर तृतीयपंथी विद्यार्थ्यांना भेदभावाविना शिक्षण व खेळाची संधी देण्याचे बंधन घातले. ते कसे पाळावे हे शिक्षकांना सांगणारी एनसीईआरटीची पुस्तिका मात्र २०२१ साली प्रसिद्ध झाली आणि तक्रारी येताच संकेतस्थळावरून काढूनही घेण्यात आली.

हे खूळ परदेशातून आले असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातील श्रीरामपूरच्या तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह वाचावा. अहिल्यानगर तेव्हा अहमदनगर होते; येथील मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. मुलींनी पाटी धरणे हेही त्या काळी अघटितच मानले जाई.

मुख्याध्यापकांनी शाळा उघडण्यापूर्वीच्या शिक्षकसभेत हा विषय अवश्य घ्यावा. कोणत्या नावाने हाक मारावी, गणवेश कोणता, स्वच्छतागृह कोणते, हे त्या मुलास एकांतात विचारावे, वर्गासमोर नव्हे. घरी काय कळवावे, हेही आधी त्यालाच विचारावे. कित्येक घरांत ही गोष्ट कळताच प्रथम छडी बाहेर निघते.