अतिवेगवान सूक्ष्मदर्शी चित्रणातील प्रतिमादोष निवारण

सूक्ष्मदर्शकाला अतिवेगवान कॅमेरा जोडून घेतलेल्या चित्रफितीत दिसणारे, परंतु प्रत्यक्ष नमुन्यात नसणारे डाग, पट्टे, लुकलुक किंवा आकारातील विकृती यांना प्रतिमादोष म्हणतात. हे दोष चित्रणापूर्वी टाळणे अथवा नंतर गणिती प्रक्रियेने दूर करणे म्हणजे प्रतिमादोष निवारण होय. श्वसनमार्गातील पेशींवरील केसांसारख्या सूक्ष्म पक्ष्माभिकांच्या, म्हणजेच सिलियांच्या, हालचालींचा अभ्यास हे त्याचे एक महत्त्वाचे उपयोजन आहे. प्रायमरी सिलिअरी डिस्कायनेशिया या जन्मजात विकाराच्या निदानात अशा चित्रफितींचा आधार घेतला जातो.

स्थिर दोष

प्रकाशयोजनेतील असमानता, काचांवरील धूळ आणि संवेदकातील सदोष पिक्सेल यांमुळे प्रत्येक फ्रेममध्ये एकाच जागी डाग दिसतात. काचपट्टी सरकवल्यावर डाग तिच्यासोबत सरकला तर तो नमुन्यातील असतो. जागीच राहिला तर तो प्रकाशमार्गातील किंवा कॅमेऱ्यातील असतो.

दुरुस्तीसाठी दोन पूरक प्रतिमा लागतात. प्रकाश पूर्ण रोखून घेतलेली ती अंधारप्रतिमा आणि काचपट्टीच्या कोऱ्या भागाची ती समप्रकाश प्रतिमा. नमुन्याच्या व समप्रकाश अशा दोन्ही प्रतिमांतून अंधारप्रतिमा वजा करून पहिल्या वजाबाकीला दुसरीने भागतात. वजाबाकी न करता भागाकार केल्यास संवेदकाचा स्वतःचा संकेतही प्रकाश म्हणून मोजला जातो. वस्तुभिंग किंवा दिव्याची मांडणी बदलली की समप्रकाश प्रतिमा नव्याने घ्यावी लागते.

दिव्याची लुकलुक

भारतातील वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. त्यावर थेट चालणाऱ्या दिव्याची तीव्रता सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. डोळ्यांना हे जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. प्रकाशनकाळ अल्प ठेवून सेकंदाला ९० फ्रेम घेतल्यास ही लुकलुक चित्रफितीत १० हर्ट्झची भासते. निरोगी पक्ष्माभिकांचे आंदोलनही साधारण याच वेगाने होत असल्याने दिव्याचा दोष पेशीची हालचाल म्हणून नोंदला जाऊ शकतो. पक्ष्माभिका नसलेल्या रिकाम्या भागातही तीच वारंवारता आढळली, तर ती दिव्याची समजावी.

स्थिर एकदिश प्रवाहावर चालणारा दिवा हा यावरील सर्वांत खात्रीचा उपाय. तो नसल्यास प्रत्येक फ्रेमला तिच्यातील रिकाम्या भागाच्या सरासरी तेजाने भागतात. संपूर्ण फ्रेमची सरासरी वापरल्यास पक्ष्माभिकांच्या हालचालीने बदललेले तेजही त्या सरासरीत मिसळते आणि दुरुस्तीच नवा दोष निर्माण करते.

रोलिंग शटर

अनेक कॅमेऱ्यांत प्रतिमेच्या ओळी एकाच वेळी न टिपता एकामागून एक टिपल्या जातात. एका ओळीस १० मायक्रोसेकंद लागत असतील, तर ५०० ओळींच्या प्रतिमेत पहिल्या आणि शेवटच्या ओळीत ५ मिलिसेकंदांचे अंतर पडते. १० हर्ट्झच्या आंदोलनाचा हा विसावा भाग होय. शेजारच्या पक्ष्माभिका किंचित मागेपुढे हलून जी लाट निर्माण करतात, तिचे मापन अशा वेळफरकांवरच अवलंबून असल्याने ही चूक थेट निष्कर्षात उतरते. सर्व ओळी एकाच क्षणी टिपणारे ग्लोबल शटर वापरावे, अन्यथा प्रत्येक ओळीची वेळ गणनेत वेगळी धरावी.

नॉइज

सेकंदाला १,००० फ्रेम घेताना एका फ्रेमला फार तर १ मिलिसेकंद प्रकाश मिळतो. पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडत असतील तर त्यांत सुमारे १० फोटॉनांचा, म्हणजे १० टक्के, चढउतार स्वाभाविक असतो. लगतच्या फ्रेमची सरासरी घेतल्याने तो घटतो, परंतु हालचाल पुसट होते. ५०० फ्रेमच्या वेगात १० फ्रेमची सरासरी म्हणजे २० मिलिसेकंद. तेवढ्यात पक्ष्माभिकेचे एकपंचमांश आंदोलन उरकलेले असते.

पार्श्वभूमी वजा करणे

प्रत्येक पिक्सेलच्या सर्व फ्रेममधील मूल्यांचा मध्यक काढून तो वजा केला की स्थिर गोष्टी नाहीशा होतात व हलणाऱ्या उरतात. पोहणाऱ्या जीवाणूंसाठी ही पद्धत उत्तम आहे, कारण कोणताही जीवाणू एका जागी अर्ध्याहून अधिक काळ थांबत नाही. पक्ष्माभिका मात्र एकाच जागी डोलतात, त्यामुळे त्यांचा काही अंश पार्श्वभूमीत मोजला जातो. उपरोक्त विकाराच्या काही प्रकारांत त्या मुळीच हलत नाहीत. तेथे ही प्रक्रिया त्यांना धुळीप्रमाणेच पुसून टाकते व पेशीचा पृष्ठभाग पक्ष्माभिकाविरहित दिसू लागतो. म्हणून निदानासाठी मूळ, असंपीडित चित्रफीत जपून ठेवतात आणि प्रक्रिया केलेली प्रत तिच्या शेजारी ठेवूनच पाहतात.