वह्या रद्दीत घालू नका

मे महिन्यात गल्लीत रद्दीवाला आला आणि मी लेकाच्या दुसरी-तिसरीच्या सगळ्या वह्या त्याच्या तराजूत घातल्या. भिवंडीच्या कामतघरात आमचं दोन खोल्यांचं घर. जून लागला की नव्या वह्या येणार, जुन्या ठेवायच्या कुठे? जुलैत ठाण्याला त्याच्या तपासणीसाठी गेलो, तेव्हा मानसशास्त्रज्ञ मॅडमनी सगळ्यात आधी विचारलं, "ताई, याच्या जुन्या वह्या आणल्यात का?"

लेक तेव्हा नऊ वर्षांचा, चौथीत, मराठी शाळेत. तोंडी काहीही विचारा, फटाफट सांगायचा. गोष्ट एकदा ऐकली की महिन्यानेही तशीच्या तशी म्हणून दाखवायचा. पण पुस्तक उघडलं की जोडाक्षरापाशी अडायचा, काने-वेलांट्या गाळायचा, फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत तास संपायचा. शाळेत म्हणत लक्ष नाही, घरात आम्ही म्हणायचो आळशी आहे. त्यापायी मी त्याला रट्टेही दिलेत. ते आजही सलतं.

ह्यांची यंत्रमागावर बारा तासांची पाळी. म्हणून तपासणीला न्यायचं ठरलं तसं मीच तयारीला लागले. मला वाटलं, स्कॉलरशिपसारखी परीक्षा असणार. नात्यातल्या एका मुलाची अशी तपासणी झाली होती, त्याला बसवून काय काय विचारलं ते काढून घेतलं. मोबाइलवर शोधलं. रंगीत ठोकळे आणले. महिनाभर रोज संध्याकाळी आकडे उलटे म्हणून घेतले, ठोकळ्यांच्या नक्ष्या लावून घेतल्या. पोरगं कंटाळलं, पण तरबेज झालं.

तिथे ठोकळे पुढे येताच तो आनंदाने म्हणाला, "हे आईने शिकवलंय." मॅडमनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी मला बाहेर येऊन समजावलं, आणि ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. या चाचणीत पास-नापास नसतं. त्याच वयाच्या पुष्कळ मुलांना हीच कामं पहिल्यांदा दिली तेव्हा त्यांनी ती कशी केली, याचा हिशेब आधीच करून ठेवलेला असतो. आपल्या मुलाची तुलना त्या हिशेबाशी होते. मुलाने आधी सराव केलेला असेल तर तुलनाच मोडते. ताप मोजण्याआधी थर्मामीटर गरम पाण्यात बुडवावा, तसं ते होतं. शिवाय एक भाग फुगला आणि दुसरा तसाच राहिला, तर मुलाची खरी अडचण कुठे आहे, हे अहवालात दिसतच नाही. म्हणूनच एकदा दिलेली चाचणी लगेच पुन्हा देत नाहीत, मध्ये बराच काळ जाऊ देतात.

मी जिचा सराव घेतला होता ती मालिन यांची बुद्धिमत्ता चाचणी. अमेरिकेतल्या वेक्सलरच्या चाचणीवरून डॉ. आर्थर मालिन यांनी नागपुरात ती भारतीय मुलांसाठी घडवली. तिच्यात तोंडी उत्तरांचे भाग वेगळे आणि हाताने करून दाखवायचे वेगळे. ती बाजूला ठेवून मॅडमनी दुसऱ्या दिवशी बिने-कामत चाचणी घेतली. कागदावरचं नाव वाचून लेकाने विचारलं, "कामत म्हणजे आपल्या कामतघरचे?" मॅडमनी त्याला नीट सांगितलं. व्ही. व्ही. कामत यांनी परदेशातली बिनेची चाचणी १९३४ साली मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली होती. आपल्या भाषेतल्या मुलांना आपल्या भाषेत मोजावं, हे त्यांना नव्वद वर्षांपूर्वी कळलं होतं.

भाषेचा हा मुद्दा आमच्या भागासाठी फार मोठा आहे. इथे शेजारी तेलुगू, कारखान्यात हिंदी, घरात मराठी आणि पुष्कळ मुलांची शाळा इंग्रजी. मुलाचं वाचन अडतंय की त्याला ती भाषाच पुरती येत नाही, हे वेगळं करावं लागतं. म्हणून नाव नोंदवतानाच सांगा, मूल कोणत्या भाषेत खेळतं, कोणत्या भाषेत भांडतं. मुलाखतीच्या वेळी आई-बापांना चांगली दिसणारी भाषा सांगायचा मोह होतो, तो टाळा. वाचनदोषाची प्राथमिक चाचपणी मराठीत करायचं साधनही आज आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी 'डाली' नावाचा संच तयार केला, त्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठी आहे.

डोळे आणि कान आधी तपासून घ्या. फळा धूसर दिसणाऱ्या मुलाला अध्ययन अक्षम ठरवणं हा अन्याय आहे, आणि या तपासणीचा खर्च सगळ्यात कमी आहे. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांनाही मुलाच्या अभ्यासाच्या अडचणीबद्दल विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे विकासातले अडथळेही धरलेले आहेत. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो पालघरला, आणि पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं.

मॅडमनी आमच्याशी तासभर बोलून काय विचारलं, ते ऐकून ठेवा, कारण तिथे ऐनवेळी आठवत नाही. बाळंतपण कसं झालं, बाळ लगेच रडलं का, कधी बसला, चालला, बोलला, झटके, मोठा ताप, डोक्याला मार, घरात आणखी कुणाला वाचायला जड जायचं का. या शेवटच्या प्रश्नावर ह्यांनी मान खाली घातली. सहावीत शाळा का सोडली, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. लसीकरणाचं पुस्तक, प्रगतिपुस्तकं, वर्गशिक्षिकेने लिहून दिलेल्या चार ओळी, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, हे सगळं एका पिशवीत घाला.

मुलाला काय सांगायचं? खरं सांगायचं. "डॉक्टरकडे चाललोय" म्हटलं की ते सुईला घाबरतं, "खेळायला चाललोय" म्हटलं की फसवल्यासारखं वाटतं. मी दुसऱ्या वेळी म्हणाले, "तुला काय सोपं जातं आणि काय अवघड, ते त्या शोधणार आहेत. काही येईल, काही येणार नाही. सगळंच कुणालाच येत नाही." तो शांत बसला.

वेळ सकाळची मागा. अंजूरफाट्यापासून काल्हेर, कशेळीपर्यंत कंटेनर अडकले की तास जातो, म्हणून आम्ही घरून फार लवकर निघालो. पोटभर खाऊ घाला, चष्मा असेल तर घ्या. सर्दी-ताप असेल तर तारीख बदला, त्यात संकोच नको. आणि हे आमच्या मुलांसाठी: रात्रंदिवस मागांची खडखड ऐकणाऱ्या पोराला तिथली बंद खोलीतली शांतता घाबरवते. लेक दोनदा दार उघडून मला बघून गेला. पहिली दहा मिनिटं मॅडमनी नुसत्या गप्पांत घालवली, ती वाया गेली नाहीत. बाहेर आल्यावर "किती आलं?" मात्र विचारू नका.

अहवालात अध्ययन अक्षमता निघाली. बुद्धी चांगली, वाचन-लेखन वयाच्या मानाने फार मागे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली आला तेव्हा दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत ही अक्षमता आली, १९९५ च्या कायद्यात ती नव्हती. दहावीच्या परीक्षेतल्या सवलती मात्र महाराष्ट्राने या नव्या कायद्याच्याही वीस वर्षं आधी, १९९६ मध्ये दिल्या. वाढीव वेळ, लेखनिक वगैरेंसाठी ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, खासगी अहवाल पुरत नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी बऱ्याच वर्षांपासून वेगळा विभाग आहे. केंद्राच्या २०१८ च्या नियमांत प्रमाणपत्रासाठी मूल किमान आठ वर्षांचं हवं असं होतं. म्हणून सहाव्या वर्षी शिक्का मागायला धावू नका. मदत मात्र सहाव्या वर्षीही सुरू करता येते.

आमचा लेक आठवड्यातून दोनदा विशेष शिक्षिकेकडे जातो. जोडाक्षर अजून अडतं, पण आता तो बोट ठेवून तोडून वाचतो, आणि पुस्तक लपवत नाही.

त्या दिवशी मॅडमना वह्या हव्या होत्या त्या चुका बघायला. कोणत्या इयत्तेत कोणतं अक्षर सुटत गेलं, खाडाखोड कधी वाढली, हे वहीइतकं कुणी सांगत नाही. माझ्याकडे द्यायला चौथीची एक महिन्याची वही होती. तुमच्या घरातलं मूल वाचताना अडत असेल, तर यंदा मे महिन्यात रद्दीवाला आला की त्याला वर्तमानपत्रं द्या. वह्या एका पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा.