पत्र्यावरची फिरकी

सुपे एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या छपरांवर वाऱ्यासरशी गरगरणारे चकचकीत गोळे सगळ्यांनी पाहिलेत. आम्ही फॅब्रिकेशनवाले त्यांना टर्बो म्हणतो. हल्ली पारनेर-श्रीगोंद्याकडची गिऱ्हाइकं विचारतात, "घरावर बसवला तर गार वाटेल का?" पत्रा कापण्याआधी मी उलट विचारतो, "खालून हवा कुठून घेणार?"

टर्बो हवा गार करत नाही, नुसती बाहेर काढतो. तापलेली हवा हलकी होऊन पत्र्याखाली साठते. वाऱ्याने पाती फिरली की ओढ बसते आणि ती हवा निघून जाते. वीज लागत नाही. पण जेवढी हवा वरून गेली तेवढी खालून यायला हवी. दारं-खिडक्या लावून बसलात तर वर नुसती शोभा. वाऱ्याची आपल्याकडे ददात नाही, कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या.

माळवदाच्या घरांत हेच काम सवणं करायचं. छपरातल्या त्या भोकातून चुलीचा धूर जायचा, उजेड यायचा. पण माळवदावर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. दुपारचं ऊन त्यातून झिरपेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आणि रात्री माणसं वरच झोपायची. पत्रा घटकाभरात तापतो आणि त्याची धग थेट अंगावर येते. ती धग टर्बोला अडवता येत नाही. म्हणून आधी पत्र्याला वरून पांढरा रंग द्या, निदान चुना तरी. खाली सीलिंग करणार असाल तर टर्बोचा गळा सीलिंगच्या खालपर्यंत आणा, नाहीतर खोलीतली हवा खोलीतच राहते.

हवा कुठून घेता, यालाही महत्त्व आहे. निजामशाहीने नगरचा फराहबाग महाल तळ्याच्या मधोमध उभारला. पाण्यावरून येणारा वारा गार होऊन आत यायचा. आपल्याकडे तळं कुठलं? पण उत्तरेची खिडकी, लिंबाची सावली तर असते. दुपारी बाहेरच झळा असतात, तेव्हा फरक थोडाच पडेल. खरा उपयोग रात्री. तेव्हा खालच्या खिडक्या उघड्या ठेवा. चोराची भीती असेल तर जाळी बसवा. सगळेच काही शिंगणापूरला राहत नाहीत.

आणि बसवताना बेस प्लेटची वरची कडा वरच्या पत्र्याखाली सरकवून घ्या. नुसत्या सिलिकॉनवर भागवलंत, तर पहिल्या वळवातच घरात बादली ठेवावी लागेल.