मानेतील सरकलेली गादी आणि स्टिरॉईडचे इंजेक्शन : समज, गैरसमज व सावधगिरी

मानदुखी ही वसई-विरार परिसरातील नित्याची तक्रार आहे. आयुष्यभर वाडीतील भाजीच्या टोपल्या डोक्यावरून वाहिलेली वडीलधारी माणसे असोत, वा विरारहून चर्चगेटपर्यंत उभ्याने प्रवास करून दिवसभर संगणकासमोर बसणारी तरुण पिढी असो, मानेवरचा भार कोणालाच चुकलेला नाही. अशा वेळी एम.आर.आय.च्या अहवालात ‘गादी सरकली आहे’ असे लिहून येते, डॉक्टर मानेत स्टिरॉईडचे इंजेक्शन सुचवतात आणि घरात दोन तट पडतात. ‘स्टिरॉईड म्हणजे विष, नकोच’, असे एक पक्ष म्हणतो. ‘एक सुई घेतली की कायमचे काम झाले’, असे दुसऱ्या पक्षाला वाटते. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. म्हणून या विषयाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

दुखणे नेमके कोठे असते?

आपल्या मानेत सात मणके असतात. बहुतेक मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिलाच आपण गादी म्हणतो. तिचे बाहेरचे कडे चिवट आणि आतला गर मऊ असतो. वयोमानाने, झिजेने किंवा अति भाराने हे कडे फाटले की गर बाहेर येतो आणि हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळावर दाब पडतो. केवळ दाबामुळेच नव्हे, तर त्या गरामुळे तेथे दाह होऊन सूज येते, म्हणूनही कळ निघते. पाचव्या व सहाव्या मणक्यांमधील गादी सरकल्यास वेदना व मुंग्या बहुधा अंगठ्याकडे जातात. सहाव्या व सातव्या मणक्यांमधील सरकल्यास मधल्या बोटाकडे.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, कोणताही त्रास नसलेल्या अनेक माणसांच्या एम.आर.आय.मध्येही फुगलेली गादी दिसते. म्हणून अहवाल आणि रुग्णाची लक्षणे यांचा मेळ बसला पाहिजे. दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. बहुसंख्य रुग्णांचे हातात उतरणारे दुखणे काही आठवड्यांत ते काही महिन्यांत शस्त्रक्रियेविना कमी होते. बाहेर आलेला गर शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेते. वेदनाशामक औषधे, बेताची विश्रांती आणि भौतिकोपचारतज्ज्ञांनी शिकवलेले व्यायाम हाच पहिला उपचार होय. सलूनमध्ये किंवा मालीशवाल्याकडून मान मोडून घेणे मात्र कटाक्षाने टाळावे.

इंजेक्शन काय करते आणि काय करत नाही?

स्टिरॉईड हे दाह शमवणारे औषध आहे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन प्रथम देण्यात आले आणि त्या संशोधनाला १९५० साली नोबेल पारितोषिक लाभले. मानेच्या दुखण्यात हे औषध मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत सोडले जाते. त्याने मज्जातंतूच्या मुळाची सूज उतरते. सरकलेली गादी मात्र त्याने जागेवर बसत नाही. वेदना काही काळ मंदावते, झोप लागते, व्यायाम करता येतो. त्या मुदतीत बरे होण्याचे काम शरीरालाच करावे लागते.

हा लाभ किती मिळतो, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात कंबरेच्या दुखण्यासाठी थोडा व अल्पकालीन लाभ आढळला. मानेसंबंधी मात्र निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी ‘बी.एम.जे.’ या वैद्यकीय नियतकालिकातील मार्गदर्शिकेने तीन महिन्यांहून जुन्या मणक्याच्या दुखण्यासाठी ही इंजेक्शने देऊ नयेत, असे सुचवले. वेदनाचिकित्सकांच्या काही संस्थांना ते मान्य झाले नाही. तेव्हा ‘हमखास गुण येईल’ असे कोणी सांगितल्यास सावध राहावे.

धोके कोणते?

२०२१ च्या कोरोना लाटेत म्युकरमायकोसिसने अनेक कुटुंबे हादरली. त्या आजाराचा संबंध अनियंत्रित मधुमेहाशी व स्टिरॉईडच्या वापराशी जोडला गेल्यामुळे या औषधाची धास्ती बसणे साहजिक आहे. कोरोनात रुग्णांना कित्येक दिवस दिलेले औषध आणि मानेत एकदा दिलेली मात्रा यांत फरक आहे. तरीही मधुमेही रुग्णाची रक्तातील साखर इंजेक्शननंतर काही दिवस वाढू शकते. ती घरी नियमित तपासावी आणि औषधांत बदल करावा का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे.

मानेत मज्जारज्जू आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अगदी जवळ असतात. त्यामुळे येथील धोका कंबरेपेक्षा अधिक गंभीर ठरतो. पक्षाघात, दृष्टी जाणे, मृत्यू असे प्रसंग विरळा, पण घडलेले आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये तसा इशारा दिला. २०१५ साली तेथील तज्ज्ञांनी सुरक्षिततेचे नियम सुचवले : सुई क्ष-किरण यंत्रावर पाहूनच घालावी, मणक्यांच्या मागील बाजूने द्यायचे इंजेक्शन सहाव्या-सातव्या मणक्यांच्या वर देऊ नये, आणि बाजूच्या छिद्रातून देताना कणयुक्त स्टिरॉईड वापरू नये. निर्जंतुकीकरणही तितकेच महत्त्वाचे आहे. २०१२ साली अमेरिकेत एका औषधशाळेतील बुरशीयुक्त स्टिरॉईडमुळे ७५० हून अधिक लोक आजारी पडले आणि ६० हून अधिक दगावले.

होकार देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. माझी लक्षणे एम.आर.आय.शी जुळतात का? साधे उपचार पुरेसे दिवस झाले आहेत का?
२. इंजेक्शन कोण देणार? त्यांना मानेच्या इंजेक्शनांचा अनुभव आहे का?
३. ते शस्त्रक्रियागृहात, क्ष-किरण यंत्राच्या साहाय्याने दिले जाईल का?
४. कोणते स्टिरॉईड वापरणार?
५. मधुमेह, काचबिंदू, कोणताही जंतुसंसर्ग, ॲलर्जी किंवा रक्त पातळ करणारी औषधे यांबाबत काय करावे? (अशी औषधे हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय स्वतःहून बंद करू नयेत.)
६. गुण आला नाही तर पुढे काय?

साध्या दवाखान्यात, यंत्राविना मणक्यात सुई घेण्यास स्पष्ट नकार द्यावा. इंजेक्शन घेतलेच तर सोबत घरचे माणूस असावे व त्या दिवशी वाहन चालवू नये. ताप, मान ताठरणे, तीव्र डोकेदुखी किंवा हातापायांत नवी अशक्तता जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

शेवटी एक कळकळीची सूचना. हातातील वस्तू गळून पडणे, सदऱ्याची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे ही मज्जारज्जूवर दाब आल्याची चिन्हे असू शकतात. त्यावर इंजेक्शन हा उपाय नव्हे. मणक्याच्या शल्यविशारदांना विनाविलंब दाखवावे लागते. आपली वडीलधारी माणसे अशा गोष्टी ‘वय झाले’ म्हणून दडवतात. दुखणे कमी झाल्यावर वाट पाहता येते; हातापायांतील बळ जाऊ लागले की वाट पाहू नये. घरातील वृद्धांना याविषयी आजच विचारावे, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.