केबल काढायच्या आधी एवढं वाचा

परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "केबल बंद केली तर माझ्या मालिका दिसतील का रे?"

दिसतील. स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. पण तिन्हीकडचं सगळं हवं असेल तर वर्गण्याही तीन! आधी हा हिशेब मांडा.

केबलच्या वायरीतून सगळे चॅनेल सतत येत असतात, आपण फक्त निवडतो. स्ट्रीमिंगमध्ये मागितलेलाच व्हिडिओ येतो, तोही काही सेकंदांच्या तुकड्यांत. प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जात तयार असतो. नेट मंदावलं की ॲप हलका तुकडा मागवतं. मालिका सुरू होताना चेहरे आधी धूसर आणि मग एकदम स्वच्छ दिसतात ना, ते यामुळेच. मला ही युक्ती फार आवडते.

पुढचे तुकडे आधी साठवावे लागतात, म्हणून थेट सामना केबलच्या मागे राहतो. विकेट पडल्याची आरोळी शेजारून आधी येते.

फुल एचडीला ५ एमबीपीएस वेग साधारण पुरतो, पण तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. त्यामुळे मोबाइल हॉटस्पॉटच्या भरवशावर राहू नका, ब्रॉडबँड घ्या. राउटर लांब असेल तर सरळ लॅन केबल ओढा.

फक्त सह्याद्री बघायचं असेल तर प्रसार भारतीचं वेव्हज ॲप आहे, २०२४ मध्ये आलेलं. गावी नेटच नसेल तर डीडी फ्री डिश उत्तम, महिन्याचं भाडं नाही.

काही अडलं तर विचारा. टीव्हीचं मॉडेल तेवढं लिहा.